शिवणीतलं जादा कापड

२४ नोव्हेंबर १९८६. शिवून झालेल्या स्कर्टांचे लोंबते धागे कापायचे राहिले होते. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात हे काम मालवणकडच्या एक मावशी करत. त्या दिवशी माल संध्याकाळी उचलला जाणार होता, म्हणून मीही कात्री घेऊन त्यांच्या शेजारी बसले. स्कर्ट परदेशी जाणार होते. पण खोक्यांवर नाव छापलेलं होतं ते वरळीच्या एक्सपोर्टरचं. तो कापलेलं कापड पाठवायचा, आम्ही शिवून द्यायचो. माझ्या गाळ्यातला माल कुठकुठल्या देशांत गेला होता, आणि एकाही खोक्यावर माझं नाव नव्हतं. ते मला हवं होतं. कसं मिळवायचं ते ठाऊक नव्हतं, आणि ज्या एका बाईला ठाऊक होतं तिला विचारायची माझी तयारी नव्हती.

ती बाई म्हणजे माझी मुलुंडची मैत्रीण. घाटकोपरच्या शिवणवर्गात आम्ही एकाच मशिनवर आळीपाळीने शिकलो. हिची कॉलर कधी सरळ बसली नाही. काजं करायला मी शिकवलं. आणि हिलाच दिल्लीच्या कपड्यांच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला, तिथे हॉलंडचं गिऱ्हाईक मिळालं, आणि दिवाळीच्या फराळाला ती आली ती ‘माझा बायर’, ‘माझं शिपमेंट’ करतच. जाताना ट्युलिपच्या फुलांचं कॅलेंडर देऊन गेली. मी ते कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं, दार उघडल्याशिवाय दिसू नये म्हणून. तिचा नवरा बँकेत आहे, त्यानेच सगळं करून दिलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याने जरा बरं वाटायचं.

तर धागे कापत होतो आणि दारात तीच उभी. जरीकाठाची साडी, हातात मोठी पिशवी, चेहरा मात्र उतरलेला.

“काय गं, एक्सपोर्टवाल्या बाई आज अंधेरीत कशा?” मी बसल्या जागेवरून म्हटलं.

“टोमणे नंतर मार. आधी पाणी दे. माझी वाट लागलीय.”

मावशींनी पाणी दिलं आणि हळूच मला म्हणाल्या, “ताई, तोंड कित्याक वाकडा करतास? माणूस दारात इला हा.”

तिने पिशवीतून एक फ्रॉक काढला. हॉलंडला पाठवलेला नमुना परत आला होता. दोन्ही कुशींना टाचण्या टोचलेल्या, आणि चिठ्ठीवर इंग्रजीत एवढंच, की इथे फार जाड होतंय, हे सुधारून नवा नमुना पाठवा, तोवर ऑर्डर थांबवली आहे.

“कापड जाड आहे म्हणतोय मेला,” ती म्हणाली. “सगळ्या ऑर्डरचं कापड छापून घरात येऊन पडलंय. आता पातळ कापड कुठून आणू आणि पुन्हा कधी छापू? तुझ्या ओळखीचा कोणी आहे का मंगलदास मार्केटमध्ये?”

मी फ्रॉक हातात घेतला. कापड उत्तम होतं. छपाई तर अशी की मला पोटात दुखल्यासारखं झालं. गर्द निळ्यावर पांढरी बुट्टी, कुठे रंग फुटलेला नाही. कॉलरसुद्धा सरळ बसलेली. मग फ्रॉक उलटा केला आणि कळलं.

दोन्ही कुशींच्या शिवणीत दोन-दोन बोटं जादा कापड सोडलेलं होतं. आमच्या शिवणवर्गातल्या बाईंनी तसंच शिकवलं होतं. पोरगी वाढते, लग्न होतं, अंग भरतं. शिवण उसवून कपडा सैल करता आला पाहिजे. जी कापड सोडत नाही ती शिंपीण कंजूष, असं त्या म्हणत. वरळीवाल्याने माझा पहिला माल याच कारणाने माझ्या अंगावर फेकला होता. परदेशात कपडा उसवून सैल करत नाहीत, नवा घेतात. त्यांना आतली शिवण बारीक लागते, कडेचे धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक मारलेली, म्हणजे वरून फुगवटा दिसत नाही. हॉलंडचा माणूस शिवणीला जाड म्हणत होता. ही कापड बदलायला निघाली होती.

तिला जाऊ दिलं असतं तर तिने थेट मंगलदास मार्केट गाठलं असतं. मी फ्रॉकची घडी घातली आणि मांडीवरच ठेवली.

“तुला तो दिल्लीचा स्टॉल कसा मिळाला? नवऱ्याने ओळख काढली?”

“त्याने? त्याला बँकेतून घरी येताना भाजी आणायची लक्षात राहत नाही. मीच गेले. टाउनात ऑफिस आहे, आपल्यासारख्या लहान लोकांसाठीच. आधी निर्यातीचा कोड नंबर काढायचा, मग त्यांच्याकडे नाव नोंदवायचं. प्रदर्शन असलं की तेच कळवतात. विचारलं की सगळं सांगतात गं.”

विचारलं की सांगतात. हे ऐकून मला जास्तच राग आला. ओळख, वशिला, नवरा, यांतलं काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं.

“मला घेऊन चल तिथे,” मी म्हटलं. “मग तुझ्या फ्रॉकचं सांगते.”

“म्हणजे तुला कळलंय?”

“कळलंय. कापड बदलायचं नाही. पण फुकट सांगणार नाही.”

ती हसायला लागली. “केवढी गं तू जळकी! नुसतं म्हणाली असतीस तर दिवाळीतच नेलं असतं. मी आपली वाट बघत होते, ही कधी विचारते म्हणून.”

“आता विचारलं ना?”

“उद्या चल. पत्ता लिहून देते, ऑफिसच्या दारात भेटू.”

मी तिला शिवण दाखवली. मशिनवर बसून एक कूस उसवली, जादा कापड उडवलं, ओव्हरलॉक मारून परत जोडली. फ्रॉक तिच्या अंगाला लावून बघितला. फुगवटा गेला होता. तिने माझा हात दाबला आणि डोळ्यांत पाणी आणलं. मी म्हटलं, रडू नकोस, डाग पडेल.

ती गेल्यावर मावशी म्हणाल्या, “आता बरा वाटला?” नव्हतं वाटलं. तिचा माल जाणार होता, आणि त्याचा नमुना मी दुरुस्त केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा मावशींवर सोपवून, माझे चार नमुने घेऊन मी लवकर निघाले आणि तिच्या आधी ऑफिसात पोचले. दारात थांबायचं ठरलं होतं. थांबले नाही. आत जाऊन खिडकीपाशी उभी राहिले. खिडकीतल्या माणसाने माझ्या हातातल्या कपड्यांच्या नमुन्यांकडे बघून विचारलं, “तुम्ही त्या मुलुंडच्या बाईंकडून का?”

“नाही,” मी म्हटलं. “मी अंधेरीची. माझ्या नावाने कोड नंबर काढायचाय. काय काय लागतं ते सांगा.”

त्याने सगळं सांगितलं. ती आली तेव्हा मी लिहून घेत होते.