सिस्टरच्या तोंडून ऐकलेली मालिका

आखातात असताना, माहूजला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वसईची एक नर्स राहायची. सगळी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणायची, मीही. नवरा वारलेला, दोन मुली वसईला आजीजवळ. तिला फॅमिली व्हिसा काही मिळत नव्हता. दर वेळी हॉस्पिटलचा साहेब म्हणायचा, "इंशाल्ला, पुढच्या वर्षी."

शुक्रवारी सकाळी आमच्या घरी बुद्धवंदना असायची, सिस्टर चर्चला जायची. दुपारी मात्र जेवायला आमच्याकडेच. जेवण झालं की आम्ही दोघी टीव्हीसमोर बसायचो. इंग्रजी चॅनलवर अमेरिकेतल्या जुन्या काळाची एक मालिका लागायची. आईबाप आणि लेकरं घोडागाडीत संसार घालून ओसाड माळावर जातात, लाकडाचं घर बांधतात. कधी लांडगे येतात, कधी बर्फात वाट चुकते. माझं इंग्रजी कामापुरतं. सिस्टर मला भराभर मराठीत सांगायची, लांडग्याचा आवाजसुद्धा काढून दाखवायची.

एकदा मी सहज म्हटलं, "सिस्टर, एवढं छान सांगता, मुलींना ऐकायला मिळायला हवं."

पुढच्या शुक्रवारी ती टेपरेकॉर्डर घेऊनच आली. मालिका संपल्यावर माझ्या बेडरूमचं दार लावून बसली. "पोरींनो, आज काय झालं माहितीये?" अशी सुरुवात. तिच्या गोष्टीतली अमेरिकन आई चुलीवर सुके बोंबील भाजायची, मुली भांडल्या की वसईच्या बोलीत ओरडायची. कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्याबरोबर कॅसेट जायची. मुलींना सगळ्या पाठ झाल्या होत्या म्हणे.

अखेर व्हिसा आला. तोवर थोरली दहावीला पोचली होती. ती शाळा सोडायला तयार होईना. धाकटी तेवढी आली. पहिल्याच शुक्रवारी आम्ही तिला कौतुकाने मालिकेसमोर बसवलं. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "ही ती नाही. ह्यातली आई किती कमी बोलते."

आम्ही हसलो. सिस्टर सगळ्यांत जास्त हसली.

शाळेतून आल्यावर धाकटी माझ्याकडेच थांबायची. सिस्टरच्या शिफ्ट बदलत राहायच्या. घरी आली की ती स्वयंपाक करायची, कपडे धुवायची आणि झोपायची. मुलगी त्रास द्यायची नाही. काही हवंय का विचारलं की "नको आंटी" म्हणायची. वसईहून येताना तिने कॅसेट बरोबर आणल्या होत्या. त्या लावून ती आतल्या खोलीत बसायची.

एक दिवस सिस्टर ड्युटीवरून लवकर आली. आतून तिचाच आवाज येत होता. ती दारात जाऊन उभी राहिली. "अगं, बंद कर ते. मी आलेय ना."

मुलगी वळलीसुद्धा नाही. "थांब ना मम्मी, मम्मी सांगतेय."

सिस्टर तशीच, बूट न काढता, माझ्या सोफ्यावर येऊन बसली. मी चहा टाकला. मग तिने मुलीला हाक मारली, शेजारी बसवलं आणि स्वतः गोष्ट सांगायला लागली. पोरगी खुलली, मध्येमध्ये विचारायलाही लागली. पण गाडी नदीपाशी आली आणि सिस्टरची मान कलली. बोलता बोलताच झोप लागली होती. पोरीने थोडी वाट पाहिली. मग आईच्या अंगावर माझी ओढणी घातली आणि पुन्हा आत गेली.

मोठ्या सुट्टीत मायलेकी वसईला गेल्या. परत आली ती एकटी सिस्टर.

"आजीला सोडून येणार नाही म्हणाली," तिने सांगितलं. "रागावली नाही हो वहिनी, रडलीसुद्धा नाही. लहान होती तेव्हाच आणायला मिळायला हवी होती. इथं पाहुण्यासारखी राहिली."

शुक्रवारी जेवायला ती येत राहिली, पण टीव्ही लावायचं आम्ही दोघीही टाळायचो. पुढे माझ्या नवऱ्याला लांब हमद टाउनला घर मिळालं आणि आमचं जाणंयेणं कमी झालं.

एकदा मनामाच्या बाजारात ती अचानक दिसली. एका दुकानात फ्रॉक हातात धरून उभी होती. मला पाहून तिला आनंद झाला, आणि लगेच म्हणाली, "वहिनी, बरं झालं भेटलात. आता धाकटी केवढी झाली असेल हो?"

मी माझ्या खांद्याजवळ हात नेला. मग जरासा वर घेतला. दुकानदार वाट बघत होता. तिने दोन्ही मापांचे फ्रॉक घेतले.