साखळीपाशी अकरा भारे

"वाक की. खालून जा."

पहारेकरी एवढंच म्हणाला. काठीचं टोक साखळीला लावून त्यानं मला जागा दाखवली. साखळी माझ्या छातीला येत होती. डोक्यावर गवताचा भारा, माझ्याहून रुंद. भारा डोक्यावर असताना वाकता येत नाही. ज्यानं कधी भारा वाहिला नाही त्याला हे सांगूनही पटत नाही.

मी भारा खाली टाकला. दोरीला धरून साखळीखालून ओढत पलीकडं नेला. मग स्वतः वाकले आणि पलीकडं उभी राहिले. तेवढ्यात मागून बग्गी आली. पहारेकऱ्यानं धावत जाऊन आकडा काढला, साखळी जमिनीवर लोळली. बग्गी गेली. त्यानं साखळी पुन्हा चढवली आणि जागेवर येऊन बसला.

आता भारा डोक्यावर कोण देणार? भारा एकटीला चढत नाही. डोंगरावर आम्ही बाया एकमेकींना हात देतो. मी म्हटलं, "दादा, जरा हात लावता का?"

तो दोन पावलं मागं सरला. "तुज्या भाऱ्याला? अन् परत आंगुळ कोण करंल?"

तेच गवत घटकाभरानं साखळीपलीकडच्या गल्लीतली घोडी खाणार होती. त्याच घोड्यांच्या मानेवरून मालक हात फिरवणार होते. घोड्याला आमचा विटाळ होत नव्हता. मी तिथं धुळीत बसून राहिले, मागून माझी जाऊ गोदा येईपर्यंत.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमची वस्ती बेगमपुऱ्याच्या पलीकडं, खाम नदीच्या अंगाला. आम्ही अकरा बाया डोंगरावर गवत कापायचो आणि मोठ्या लोकांच्या तबेल्यांना रोजचा रतीब घालायचो. त्या गल्लीचं नाव मी सांगणार नाही. जागीरदार, वकील, सावकार, सगळ्या जातीधर्माचे मोठे लोक तिथं शेजारी शेजारी राहत. इतर वेळी त्यांचं एकमेकांशी पटत नसे. साखळीच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

कारण काय, तर बैलगाड्यांनी धूळ उडते. झोप मोडते. बाजाराला जाणारी बाहेरची वर्दळ आमच्या दारावरून कशाला? म्हणून दोन्ही तोंडांना साखळ्या आल्या. गाड्यांनी नदीकडून वळसा घालावा, अशी दवंडी पिटली गेली. चालत्या माणसाला मनाई नव्हती. त्यानं फक्त वाकायचं होतं. पागोटं घातलेला, जोडा घातलेला कुणी दिसला की पहारेकरी आपण होऊन साखळी सोडायचा. आम्हाला बघितलं की त्याचे पाय जड व्हायचे.

मी सुरुवातीला सवय लावून घेतली. हे लपवत नाही. महिनाभर मी मुकाट वाकले. आमच्या घरात सासू वाकत आली, तिची सासू वाकत आली. मला त्यात नवीन काही दिसलं नाही.

मग गोदाला आठवा लागला.

सुईणीनं तिला बजावलं होतं, "वाकू नगंस, वढू नगंस. प्वार खाली सरकलंय." काम सोडायची सोय नव्हती. रतीब चार दिवस चुकला की ते घर दुसऱ्याकडून गवत घ्यायला लागतं. तिचा भारा आम्ही ओढून द्यायचो. पण तिच्या जागी वाकणार कोण? एका सकाळी ती साखळीखाली गेली आणि तिथंच थांबली. एक हात साखळीला, एक पोटाला. तोंड राखेसारखं झालेलं. पहारेकरी म्हणाला, "लवकर सरक, मोटार येतीय."

तिला काखेत धरून बाहेर काढताना मला भीती वाटली. राग नंतर आला.

गल्लीच्या तोंडाशी एक वकील राहत. बोलायला गोड. मला 'बाई' म्हणायचे. मी त्यांच्या ओट्याखाली उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, डोळे पुसल्यासारखं केलं आणि स्वतः अर्ज लिहिला. म्हणाले, "बाई, गल्लीच्या कमिटीत मी आहे ना. मी बोलतो." मी अंगठा दिला. त्या दिवशी घरी जाताना मी हसत होते. मला वाटलं, शिकलेल्या माणसाला समजलं, आता झालं.

कमिटी बसली तेव्हा आम्ही कचेरीच्या खिडकीबाहेर लिंबाखाली उभ्या होतो. गोदा खाली बसली होती. आतलं सगळं ऐकू येत होतं. चर्चा लई वेळ चालली. गाड्या सकाळी दोन तास सोडाव्यात का? मोटारीला वाट द्यायची की टांग्याला? बैलाच्या शेणाचं काय करायचं? बैलाच्या शेणावर ते जेवढं बोलले त्याच्या निम्मंही आमच्यावर बोलले नाहीत. एक म्हातारे कापडाचे व्यापारी तेवढे म्हणाले, "मियाँ, रास्ता सबका है. खोल दो." त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी आमचा अर्ज निघाला. वकील उठले. मी खिडकीच्या गजाला धरलं.

ते म्हणाले, "बायांना मनाई नाहीच. थोडं वाकावं लागतं एवढंच. त्या शेतात दिवसभर वाकतातच की. सवय असते त्यांना."

आत कुणीतरी हसलं. पुढचा विषय निघाला. साखळी कायम.

मी गोदाकडं पाहिलं. तिनंही ऐकलं होतं. ती जमिनीवरची लिंबोळी उचलून बोटांनी चिरडत होती. मला आठवलं, मी खरंच महिनाभर वाकले होते. सवय मीच त्यांना दाखवली होती. पहारेकऱ्याचा मला कधी एवढा राग आला नाही, जेवढा त्या वेळी स्वतःच्या पाठीचा आला. नदी ओलांडताना मी एवढंच म्हटलं, "उद्या कुणीबी वाकायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या आलो. साखळीच्या अलीकडं मी माझा भारा टाकला. त्यावर दुसरीनं टाकला. अकरा भारे, एकावर एक, साखळीच्या वर गेले. मग आम्ही बाजूला बसलो. गोदाला मी भिंतीला टेकवून बसवलं.

बग्गी आली. पहारेकऱ्यानं सवयीनं साखळी सोडली. बग्गी पुढं जाईना. तो माझ्यावर धावून आला. "भारं उचला."

मी म्हटलं, "एकटीला उचलत न्हाय. हात लावा."

त्यानं काठीनं ढोसून पाहिलं. गवत ओलं होतं, जड होतं. हलेना. मागं मोटार येऊन थांबली, तिच्यामागं दोन टांगे. वकील घरातून आले. "बाई, हा काय तमाशा? बाजूला घ्या."

"हात लावा, साहेब. भारा चढवायला दोघं लागत्यात."

ते भाऱ्यांकडं बघत राहिले. मग आपल्या हातांकडं. आमच्यातली एकही उठली नाही. आतल्या तबेल्यांतून घोडी खिंकाळायला लागली होती. उन्हं वर आली तसा तो आवाज वाढत गेला. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागल्या. वकील आत गेले, आणि त्यांचा गडी मागच्या दारानं पोलीस चौकीकडं पळताना मी पाहिला.

सिपाही आले. आम्हाला पुढं घालून चौकीत नेलं. भारे बैल लावून ओढले म्हणतात.

चौकीवरच्या अंमलदारानं, अमीननं, कागद पुढं केला. 'पुन्हा रस्त्यात भारा टाकणार नाही,' असं त्यावर होतं. त्याला आमच्याशी भांडायचं नव्हतं. हळूच म्हणाला, "अंगूठा लगाव, घर जाव. वो औरत की हालत देखो."

गोदा ओसरीवर बसली होती. पाय सुजलेले. ओठ सुकलेले. मला खरंच वाटलं, द्यावा अंगठा. तिच्यासाठी द्यावा. मी शाईकडं हात नेला.

"आक्का," गोदा बसल्या जागेवरून म्हणाली, "अंगठा द्यायचा न्हाय. म्या त्या साखळीखालून परत जानार न्हाय. माजं प्वारबी जानार न्हाय."

मी मूठ मिटली. अमीननं कागद माझ्यासमोर दोनदा सरकवला. मूठ उघडली नाही. आम्हाला तिसऱ्या दिवशी सोडलं, अंगठ्याशिवाय. सोडताना तो म्हणाला, "अब की बार मार पडेगी."

साखळी जागेवर होती. पहारेकरी एकाचे तीन झाले होते. मी जाता जाता नीट मोजून पाहिलं.

गोदाला घरी ठेवलं. तिचा रतीब दहाजणींनी वाटून घेतला. चौथ्या दिवशी मी विळा घासला आणि डोंगराला लागले. कमरेला दोरी गुंडाळली होती, नेहमीपेक्षा दोन हात लांब. भारा मोठा बांधायचा होता, तिघांनाही हलू नये असा.