एकाच डबीतली मिश्री

माझी धाकटी जाऊ माण तालुक्यातली. पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास लग्न होऊन आमच्या मिरजेजवळच्या गावी आली, ती कमरेला मिश्रीची डबी खोचूनच. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुस्करायची आणि बोटानं दातांवर घासत बसायचं. तिच्या माहेरी आजी, आई, मावशी, सगळ्यांचं हेच. आमच्या घरात मिश्री कुणी लावत नसे, म्हणून आम्ही फार निश्चयाचे, अशी माझी समजूत. मी बी.एस्सी. झालेली, मिरजेत औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला. अक्कल फुकट वाटत हिंडायची.

जावेला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मिश्री बंद, बाळ पोसत नाही. तिनं डबी उकिरड्यात फेकली आणि दोन दिवसांनी काठीनं उकरून काढली. मी सरसावलेच.

"अगं, मनावर घेतलं की सुटतं."

"आक्का, तुमी कवा लावलीया?"

"छे!"

"मग सोडायचं काय कळणार तुमास्नी?"

हे झोंबलं. मी ठरवलं, आठवडाभर मिश्री लावायची आणि मग सोडून दाखवायची. मला ती शास्त्रीय पद्धत वाटली होती, देवा! परसातल्या धुण्याच्या दगडावर बसून ऐटीत बोट फिरवलं. पेरूचं झाड गरगरायला लागलं, घाम फुटला, आणि सकाळची भाकरी ओकून मी दगडाला मिठी मारली.

"लय लवकर सोडलीसा की वो आक्का!" जाऊ हसून हसून खाली बसली.

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, दिवस नक्की कुणाला गेल्यात?"

तीच डबी, तीच चिमूट. मला आडवं पाडणारी, तिला निवांत करणारी. हे डोक्यातून जाईना.

प्रयोगशाळेत आम्ही उंदरांना मॉर्फिन टोचून पाहत असू. पांढरा उंदीर शेपटी कमानीसारखी वर करून कोपऱ्यात गप्प बसायचा. सरांनी पुण्याहून काळ्या जातीचे उंदीर आणवले. औषध तेवढंच दिलं, तर ते पिंजराभर नुसते पळत सुटले.

"सर, हे वांड दिसतात."

"वांड कसले? रक्तातच आहे ते. यांचे आईबापही असेच पळाले असते."

मग त्यांनी समजावलं. मेंदूत काजं असतात, औषध म्हणजे बटण. बटण काजात बसलं की खेळ सुरू. अफूवर्गातल्या औषधांची ही काजं परदेशात नुकतीच सापडली होती. कुणाची किती आणि कशी, हे वाडवडिलांकडून येत असावं, असा त्यांचा अंदाज. तंबाखूचंही तसंच का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "असेल. अजून पुरतं कुणालाच ठाऊक नाही."

घरी येताना एसटीत वाटलं, ज्याला मी निश्चय म्हणत होते तो निव्वळ माझ्या पोटाचा नाजूकपणा असेल तर? मोठ्या उत्साहानं जावेला सगळं सांगितलं. तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तिनं पोटावर हात ठेवला.

"म्हंजी आईचं माझ्यात आलं. आन् माझं ह्या बाळात?"

"येईलच असं नाही. आणि हे बघ, ज्या उंदराला टोचलंच नाही तो पळत नाही."

तिनं कमरेची डबी काढून माझ्या हाती दिली. "मग मी बाळंतपणाला माहेरला जात न्हाई. तितं रोज तवा भाजत्यात. वास आला की मी माझी ऱ्हात न्हाई."

पहिलं बाळंतपण, आणि माहेरी नाही! सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "लोक म्हणत्याल, सुनंला कोंडून ठेवली."

"म्हणू द्या, आत्याबाई. मला न्हाई जमायचं तितं."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "मग विहीणबाईंनाच बोलवून घ्या हिकडं."

विहीणबाई आल्या. लेकीचं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. स्वतःची मात्र सुटेना. रोज पहाटे लांब बांधावर जाऊन लावायच्या, विहिरीवर खळखळून चुळा भरायच्या, मगच घरात यायच्या. जावेला मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी भरलेली, तरी आई उंबऱ्यात आली की हिला कळायचं.

"आली बघा लावून," ती पुटपुटायची. बोटं चुळबुळायची, कपाळावर घाम. "आक्का, जरा बसा हितं."

मी बसायची, ती माझं मनगट घट्ट धरायची. पोरगी दूध पीत असायची. जावेचा हात सैल पडेपर्यंत मी ना उठायची, ना अक्कल वाटायची.