अल्पोच्या हातची जोडणी

अल्पो वानहातालोबद्दल मला चार चांगले शब्द लिहायचे आहेत, म्हणून आधीच कबूल करून टाकतो: तीस वर्षं मी या माणसावर जळत आलो आहे. आमच्या केलोवारा गावातले लोक चर्चला जातात त्याहून जास्त नेमानं.

आमचा दोघांचा धंदा एकच म्हणायचा. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून त्यांना विजेची हीटिंग केबल बांधायची, आणि बांधलेली बिघडली की दुरुस्त करायची. विहिरीपासून घरापर्यंत पाइप जमिनीत खोल असतो, तिथे त्याला काही होत नाही. तो घराच्या फरशीखाली वर येतो, त्या दोन-तीन मीटरांत सगळी रड. फरशीखाली माणूस पोटावर सरपटेल एवढीच जागा, आणि बाहेर उणे पस्तीस. केबल कुणीही बांधावी, कायद्याची ना नाही. पण ती घराच्या विजेला जोडायची तर लायसन्स लागतं. लायसन्स माझ्याकडे आहे, फ्रेम करून भिंतीवर लावलंय. अल्पोकडे नाही. म्हणजे स्वयंपाक त्यानं करायचा आणि मी येऊन वर मीठ भुरभुरायचं. जेवणारे नाव कुणाचं घेणार?

अल्पो माझ्याच शाळेतला, माझ्याच बाकावरचा. अख्ख्या वर्गात त्याच्याइतकं कमी बोलणारं कुणी नव्हतं, आणि आमच्याकडे कमी बोलण्यात पहिला येणं ही चेष्टा नाही. पुढे तो लाकूडतोडीला गेला. बत्तिसाव्या वर्षी पाइनचं खोड घसरलं आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. जंगल सुटलं. म्हातारी आई, तीन गाई आणि गोठा एवढंच उरलं. त्या गोठ्याचा पाइप दर जानेवारीत गोठायचा आणि अल्पो तळ्यावरून बादल्या वाहायचा. एका वर्षी त्यानं तो पाइप पूर्ण उघडा केला, दोन दिवस त्याच्याकडे बघत बसला, मग केबल आणून बांधली. गोठ्यात पुन्हा कधी बादली लागली नाही. मग शेजाऱ्यानं बोलावलं, मग शेजाऱ्याच्या मेहुण्यानं. लग्न त्यानं केलं नाही. कधी विषय निघालाच तर "राहून गेलं" म्हणतो.

त्याचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते आउने पालोसारीच्या घरी. केबलची जोडणी करायला गेलो तर फरशीतलं झाकण बंद, आणि शेजारी खुर्ची टाकून म्हातारी मोजे विणत बसलेली.

"अल्पो कुठाय?"

"खाली."

"मग फटीतून दिवा कसा दिसत नाही?"

"विझवलाय त्यानं. अर्धा तास झाला. दोनदा टाचेनं ठोकून पाहिलं, 'हं' म्हणाला. जिवंत आहे."

त्याची ही रीतच होती. हिवाळ्यात आमच्याकडे धड उजेड दुपारचे दोन-तीन तास. नेमका त्या वेळात तो फरशीखाली शिरायचा, झाकण ओढून घ्यायचा, बॅटरी बंद करायचा आणि अंधारात पडून राहायचा. डोळे सरावले की घराच्या पायाच्या भिंतीत कुठे केसाएवढी फट असली तरी तिथून उजेडाची रेघ दिसते. जिथून उजेड येतो तिथून वारा येतो, आणि जिथे वारा लागतो तिथेच पाइप आधी गोठतो. त्या जागा तो सुताराच्या पेन्सिलीनं पाइपवर खुणा करून ठेवायचा, फटी बुजवायचा, आणि मग केबल. पाइपच्या पोटाला सरळ, कुठे एकावर एक नाही, खाली ॲल्युमिनियमची पट्टी. व्हॉल्व्हजवळ एक सैल वळसा, म्हणजे उद्या कुणाला व्हॉल्व्ह बदलायचा झाला तर केबल कापावी लागू नये. आठ बोटांनी.

"असं पडून राहायला आम्हाला वेळ नसतो, आउनेबाई," मी म्हणालो.

"तुला वेळ नसतो म्हणूनच माझा पाइप तीनदा गोठला, तार्मो," ती मोज्यावरून नजर न उचलता म्हणाली. "बस. थर्मासमध्ये कॉफी आहे, घे हातानं."

त्याची केबल बांधून झाल्यावर मी जोडणी केली, इन्सुलेशन तपासायचं यंत्र मेगर लावून मोजलं, कागदावर सही केली. तेवढ्यात खिडकीतून दिसलं, अंगणात धूर निघत होता. म्हातारीनं सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, पेटवला होता. अल्पोसाठी.

तेव्हापासून मी मोजायला लागलो, सांगायला लाज वाटते पण मोजायला लागलो. एका हिवाळ्यात अल्पोसाठी अकरा घरांत सौना तापला. माझ्यासाठी एकदा, आणि तोही शनिवार होता, त्या दिवशी तो घरोघरी तापतोच. आमच्याकडे कुणी कुणाच्या कामाची स्तुती करत नाही. "बरं झालंय" म्हणाले की समजायचं, मोठं मेडल मिळालं. मला लोक "झालं का?" असं विचारायचे. अल्पोला सौना, वर वाफाळता रेनडियरचा रस्सा, निघताना हातात क्लाउडबेरीच्या मुरंब्याची बरणी. माझ्या गाडीवर माझं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. तो बर्फावर पायानं रेटायच्या घसरगाडीवर केबलचं रीळ बांधून यायचा. तरी लोक खिडकीतून घसरगाडीचीच वाट बघायचे.

हे सगळं मी गिळत आलो होतो. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ते गिळणं जमेना.

मी लेवीला एका हॉटेलच्या कामावर तीन दिवस गेलो होतो. उणे अडतीस झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरचं पाणी गेलं. आमच्या, म्हणजे लायसन्स भिंतीवर लावलेल्या इलेक्ट्रिशियनच्या घरचं! केबल मीच बांधलेली होती, एकोणीस वर्षांपूर्वी, घाईत. तिच्या टोकाच्या टोपणात ओल शिरली होती. माझी बायको सेइया हिनं मला फोन केला नाही. तिनं अल्पोला केला.

मी घरी पोचलो तर नळाला पाणी. सौना गरम. अल्पो आमच्या टेबलाशी माझ्या खुर्चीवर, केस ओले, पायात माझे लोकरी सपाता. आणि समोर आमच्या लग्नातले सोनेरी काठांचे कप! ते कप आजवर तीनदा बाहेर निघाले: मुलीच्या बाप्तिस्म्याला, सेइयाचे वडील गेले तेव्हा, आणि एकदा बिशप आले होते तेव्हा.

"आलास?" सेइया म्हणाली. "बघ, सगळं झालंय. अल्पोनं नवी केबल टाकली, सकाळपासून खालीच होता बिचारा."

"मला फोन का नाही केलास?"

"तू काय करणार होतास, लेवीहून फुंकर घालणार होतास?"

अल्पो उठला, सपाता नीट जोडीनं ठेवल्या. "जुनी केबल तशी चांगली होती," तो म्हणाला. "टोपण तेवढं." आणि गेला.

ती त्याची दया होती की खरं बोलणं, मला माहीत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाली जाऊन त्याचं काम बघायलाही मी तयार नव्हतो. माझ्याच घरात मी त्याची कारागिरी बघायला पोटावर सरपटत जाऊ?

सकाळी गाडीत बसून मी विजेच्या कामांची तपासणी करणाऱ्या कचेरीला पत्र लिहिलं. केलोवारात एक माणूस लायसन्स नसताना घरोघरी केबली विजेला जोडतो, नाव अमुक. माझं नाव घातलं नाही. मनाशी म्हटलं, मी खोटं थोडंच लिहितोय? सगळीच घरं काही जोडणीला मला बोलवत नाहीत. मग कोण जोडतं? अल्पोच. पत्र पेटीत टाकलं तेव्हा हलकं वाटलं, ते दुपारपर्यंत टिकलं. मग सुचायला लागलं की गुन्हा सिद्ध झाला तर त्याचा धंदा बसणार. साठी उलटलेल्या, आठ बोटांच्या माणसाला दुसरं काम कोण देणार? पण पत्र गेलेलं होतं.

मार्चमध्ये रोवानिएमीहून तपासनीस आल्या. ओल्लिला नावाच्या, माझ्याच वयाच्या, डोक्याला दिवा बांधून स्वतः सरपटणाऱ्या. त्यांनी अल्पोला सरळ विचारलं, कुठे कुठे काम केलंत? अल्पोनं एकूण एक घर सांगितलं आणि स्वतःच दाखवायला निघाला. दोन दिवस ती दोघं केलोवारात फिरत होती. मी खिडकीत.

आउनेचं घर: जोडणी माझी, सही माझी. पुढची चार घरं: जोडणी माझी. जिथे अल्पोनंच जोडलंय अशी मला खात्री होती तिथे केबलीला प्लग होता; तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये कुणीही खुपसावा, कायद्यात बसतं. बाकी दोन ठिकाणी अल्पोनं कित्तिलाहून इलेक्ट्रिशियन बोलावला होता, कारण मी त्याच्यावर एकदा खेकसलो होतो. तीस वर्षांत या माणसानं एक तार वावगी जोडली नव्हती. हे मला दुकानात कळलं, रांगेत उभं असताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आमच्या दारात.

"नीवासाहेब, तुमचंही घर यादीत आहे," ओल्लिलाबाई म्हणाल्या. "शेवटचंच."

त्या खाली उतरल्या. त्यांच्यामागे मी, लायसन्सवाला म्हणून. झाकणाशी वर सेइया आणि अल्पो वाकून बघत होते. बाईंनी जंक्शन बॉक्सचं झाकण काढलं, दिव्याचा झोत आत पाडला, आणि आणखी जवळ सरकल्या. मीही पाहिलं. केबलीच्या दोन तारांमधला काळा गाभा इतका स्वच्छ सोललेला की तांब्यावर एक ओरखडा नाही. वरची जाळी पीळ देऊन एकत्र केलेली, त्यावर हिरवी-पिवळी नळी. बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलीला खाली एक झोळ, ओल आली तर थेंब तिथून गळून जावा म्हणून. नवी जोडणी. सेइयाला पाण्यावाचून ठेवायचं नाही म्हणून, मी घरी नव्हतो म्हणून, अल्पोनं केलेली. गावभरातली एकमेव बेकायदा जोडणी माझ्या घरात होती, आणि तपासनिसाला तिच्यापर्यंत मीच आणलं होतं.

"ही कुणी केली?" ओल्लिलाबाईंनी विचारलं.

वर अल्पोनं घसा खाकरला. तो बोलायला वेळ घेतो, पण बोलतो तेव्हा खरंच बोलतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. मी मान वर करून पाहिलं. सेइया त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"मी," मी म्हणालो.

हे मी चांगुलपणानं केलं असं कुणी समजू नये. सेइयाची ती नजर आणखी एक क्षणही सोसवत नव्हती, इतकंच. अल्पो झाकणापासून मागे सरला.

बाईंनी बोटानं केबलीचा झोळ चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी हे काम करते. इतकी नेटकी जोडणी मी बघितलेली नाही. तुमची इतर घरांतली कामं ठीक आहेत, पण ही... स्वतःच्या घराला माणूस वेगळाच हात लावतो, नाही?" त्यांनी कॅमेरा काढला. "रोवानिएमीच्या प्रशिक्षण शाळेत मुलांना दाखवायला नेते. खाली नाव घालू ना? तार्मो नीवा?"

"घाला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्या गेल्यावर सेइयानं दार लावलं आणि वळली. "माझ्या टेबलाच्या खणातलं टपालाचं तिकीट गेलंय जानेवारीपासून," ती म्हणाली. "ते कुणी घेतलं, मी विचारत नाही." आणि आत गेली.

स्वयंपाकघरात मी आणि अल्पो उरलो. तो टोपी हातात फिरवत उभा होता. त्याला सगळं कळलं होतं की काहीच नाही, त्याच्या चेहऱ्यावरून आजतागायत कुणाला काही कळलेलं नाही.

"तार्मो," तो म्हणाला, "जोडणी बरोबर होती का? पहिल्यांदाच केली. तू करायचास तेव्हा शेजारी बॅटरी धरून मीच असायचो ना. ते आठवून आठवून केली."

पहिल्यांदा! माझी शेकडो जोडण्यांत गेलेली तीस वर्षं, आणि त्याची पहिली. मला त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता, सौना मोजायचो तेव्हाही नाही. माझंच बघून केली आणि माझ्यापेक्षा चांगली केली. आणि शाळेतली पोरं तिच्याखाली माझं नाव वाचणार.

तो उत्तराची वाट बघत होता. त्याला खरंच ऐकायचं होतं, आणि सांगू शकेल असा गावात मी एकटाच होतो.

"बरं झालंय," मी म्हणालो.

अल्पोनं मान हलवली, टोपी घातली, आणि मी इतक्या वर्षांत त्याला कधी पाहिलं नव्हतं इतका खूश होऊन घरी गेला.