सीटांची शिळी नक्कल

आठवलं की अजूनही डोकं फिरते.

दादा म्हणायची मी त्याला. जबलपुरच्या सिविल लाइन्समधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात आम्ही दोघंच मराठी. तो खमरियाच्या क्वार्टरमधला, मी घमापुरची. आमच्या दोघांच्या आया रविवारी विहारात एकाच चटईवर बसायच्या. माझी नोकरी कच्ची होती. एका कॉलेजच्या अॅडमिशनची साइट नीट चालली तर पक्की करू, असं साहेब बोलले होते. नाही झाली तर पुणं गाठावं लागणार, अन् आईला एकटं टाकून मला कुठंच जायचं नव्हतं.

साइट तीन सर्व्हरवर होती. दर वेळी डेटाबेसला विचारत बसलं की पान रेंगाळायचं, म्हणून प्रत्येक सर्व्हर पानाची एक नक्कल स्वतःजवळ ठेवायचा. याला आम्ही कॅशिंग म्हणतो. पान झटक्यात उघडते खरं, पण एका सर्व्हरवर सीट भरली तरी बाकीचे दोघं आपली शिळी नक्कल दाखवत राहतात. दर बदल तिघांनाही कळवावा, तर कमावलेला वेग हातचा जातो. म्हणून मी ठरवलं होतं, फोटो अन् फीची माहिती नकलेतून दाखवू, सीटा मात्र थेट डेटाबेसमधून. तेवढं एक पान हळू चाललं तर चालू दे.

चहाच्या टपरीवर ऑफिसातले आणखी दोघं सोबत होते. दादा मला म्हणाला, "काहून एवढी अडून राहिली? साहेबांना वेग पाहिजे. सीटांची बी नक्कल ठेव, तासाभराची."

"अन् भरलेली सीट रिकामी दिसली तर?"

"साहेबांना मी सांगून देतो ना. जबाबदारी माझी. चल, भजे खा."

खाल्ले मी भजे, अन् सीटांचीही नक्कल ठेवली. घरच्या माणसावर कशाला शंका घ्यायची?

ऑफिसात तपासलं तेव्हा सारं बरोबर दिसलं. दिसणारच! एका माणसाला दर वेळी त्याच सर्व्हरकडे पाठवायची सोय होती, अन् ज्यानं सीट भरली त्याचा सर्व्हर तेवढा ताजा व्हायचा. दुसऱ्याच्या डोळ्यांनी कोणी पाहिलंच नाही.

अॅडमिशन सुरू झाली अन् भरलेल्या सीटांवर पोरं नावं टाकत सुटली. एका मुलीनं तर दुसऱ्या कॉलेजातली हातची सीट सोडून इथली भरलेली सीट घेतली. बापाला घेऊन कॉलेजात आली, मोबाइल पुढं करत रडली, "देखिए ना, खाली दिखा रहा है!"

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, दादा आता बोलेल. तो बोलला.

"सर, मैंने तो मना किया था. मॅडम मानी ही नहीं."

मॅडम! अंगाची आग झाली माझी. "झूठ! चाय पे इन्होंने ही बोला था!"

"किसी ने सुना?" साहेबांनी विचारलं.

टपरीवर सोबत असलेले दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. एक म्हणाला, "सर, ये लोग आपस में मराठी बोलते हैं. हमें क्या पता."

नोकरी गेली. आईला मी एवढंच सांगितलं की पुण्यात चांगली जागा मिळाली.

निघायच्या आधीच्या रविवारी तो विहाराच्या दारात भेटला. मी तोंड फिरवलं. आईनं मात्र त्याचा हात धरला. "बाबू, ही चालली. आता येत जाजो घरी. दवाखाना म्हण, गॅस म्हण, तुझ्याच भरवशावर आहे मी."

"हो काकू," तो म्हणाला.

त्याचं सगळं सोंग तिथंच उतरवायचं होतं मला. पण जबलपुरात आईला दुसरं होतं कोण? मीच म्हणाली, "येत जा, दादा."