कॅमेऱ्याची खोट

पारखी माणूस चुकतो तेव्हा तो नुसता चुकत नाही, खात्री करून चुकतो. रंगाच्या दुकानात सव्वीस वर्षं छटा जुळवणाऱ्या एका माणसाची ही हकिगत. त्याला सगळे पारखीच म्हणत. त्याच्या खात्रीपायी त्याचे वडील आज हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पडून आहेत.

त्याचं काम ऐकायला सोपं. गिऱ्हाईक जुन्या पडद्याचा तुकडा, फुटक्या कपाची कड नाहीतर दाराचा उडालेला पोपडा घेऊन यायचं आणि म्हणायचं, "अगदी हाच रंग हवा." पारखी ती वस्तू दुकानाच्या पायरीवर उजेडात न्यायचा, एक डोळा मिटायचा, आत येऊन डब्यात काळ्याचे दोन थेंब टाकायचा, पिवळ्याचा एक, की झालं. रंग जुळवायचं यंत्र दुकानात आलं तरी मालक यंत्राच्या आधी त्याला विचारायचा. पांढरे रंग किती, एवढंच त्याला विचारून बघावं. ऐकणाऱ्याचे पाय भरून यायचे.

त्याचा एक नियम होता. लावल्या दिवशी सगळेच रंग देखणे दिसतात, तेव्हा भिंतीवर हातभर पट्टा मारून ठेवायचा, वर्ष जाऊ द्यायचं आणि मगच तोंड उघडायचं. हा नियम त्याने पंख्याला लावला, चपलांना लावला, आणि लग्नासाठी सांगून आलेल्या मुलींनाही लावला असं लोक म्हणत. पन्नाशी उलटली तरी घरात तो आणि त्याचे वडील, नाना, असे दोघेच राहिले, त्याचं कारण कदाचित हेच असेल.

गेल्या वर्षी त्याने नवा फोन घेतला. फार भारीही नाही आणि अगदी फडतूसही नाही, मधल्या दरातला. घेतल्या दिवसापासून दुकानातले लोक, शेजारचे, रंगारी, सगळे विचारायला लागले, "कसा आहे हो?" धाकटी बहीण दूरच्या शहरात राहायची; तिलाही तोच घ्यायचा होता. सगळ्यांना एकच उत्तर, "वर्ष होऊ दे."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो फोनची परीक्षा घ्यायचा आणि निकाल रंगांच्या छटा दाखवणाऱ्या जुन्या शेडकार्डाच्या कोऱ्या पाठीवर बारीक अक्षरात लिहायचा. बॅटरी पहिले सहा महिने दिवस काढायची, मग संध्याकाळीच मान टाकायला लागली. उन्हात पडद्यावरचं काही दिसायचं नाही. बोटाच्या ठशाने फोन उघडायचा, पण पारखीच्या बोटांचे ठसे थिनरने कधीच खाऊन टाकले होते. फोन आपल्या धन्यालाच ओळखायचा नाही. "हा दोष माझा, फोनचा नव्हे," असं त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. इतका न्यायी माणूस!

कॅमेरा तपासायचा तर दर वेळी समोर तीच वस्तू हवी, तोच उजेड हवा आणि तीच वेळ हवी. नानांइतकं स्थिर बसणारं घरात दुसरं काही नव्हतं. जन्मभर बस चालवलेला तो माणूस निवृत्त झाल्यावर खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. पहिल्या रविवारी सकाळी दहाला पारखी म्हणायचा, "नाना, हलू नका." नाना आधीच तयार असायचे. दाढी केलेली, लांब बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. मागे पारखीने स्वतः कालवलेल्या पांढऱ्याची भिंत. फोटो निघाला की पारखी खिडकीशी जाऊन फोनच्या पडद्यात डोकं खुपसायचा. नाना विचारायचे, "कसं आहे?" आणि तो मान वर न करता म्हणायचा, "ठीक आहे."

आठ महिने सगळं ठीक होतं. नवव्या महिन्यात कार्डावर ओळ पडली, 'चेहरा किंचित पिवळट येतो.' दहाव्यात, 'पिवळेपणा वाढला.' भिंत मात्र पांढरीच येत होती, शर्टही पांढरा. दुसरा कुणी इथे थबकला असता. पारखीने तर्क लढवला. या फोनमध्ये चेहरा ओळखून त्याला उजळ करायची सोय होती. म्हणजे खोट त्या सोयीतच, म्हणून चेहराच तेवढा बिघडतो. तर्क असा चोख होता की त्याने तो दुकानात तीनदा समजावून सांगितला.

मालक हसून म्हणाला, "काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. आधी तू आपले डोळे तपासून घे."

पारखीला राग आला. त्याच्या डोळ्यांवर शंका म्हणजे फारच झालं. कावीळ हा शब्द त्या दिवशी दुकानात चार माणसांसमोर उच्चारला गेला, सगळे हसले, आणि पारखी डबे हलवायला निघून गेला.

त्याच सुमारास बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. नानांशी बोलून झाल्यावर ती म्हणाली, "दादा, नाना पिवळे दिसतायत रे."

"कॅमेऱ्याची खोट आहे. दोन महिने बघतोय मी."

"नक्की ना? बारीकही झालेत."

"अगं, रंग कुणाला शिकवतेस? तू हा फोन घेऊ नकोस, एवढंच सांगतो."

तिने विषय बदलला. दादा रंगाबद्दल बोलला की घरात कुणी वाद घालत नसे.

दुकान महिन्याच्या पहिल्या रविवारीच तेवढं बंद असायचं. बाकी दिवशी त्याला वडील दिसायचे तरी कधी? तो अंधारात निघायचा आणि दिवेलागणीनंतर परतायचा. नानांच्या खोलीत पिवळा बल्ब होता, कारण ट्यूबच्या उजेडाने त्यांचे डोळे चुरचुरायचे. त्या बल्बखाली सगळंच पिवळं. जेवण कमी झालं होतं, तर वयाने होतं असं म्हणून त्याने ताट उचललं. हातातल्या यंत्राचा बारीकसारीक दोष टिपणाऱ्या माणसाला समोर बसलेला बाप दिसत नव्हता. याला काय म्हणावं?

अकराव्या महिन्यात त्याने लिहिलं, 'डोळ्यांतला पांढराही पिवळा येतो. कॅमेरा बाद.' बाराव्यात फोटो काढून झाल्यावर त्याला आठवलं की वॉरंटी संपायला आठच दिवस उरलेत. दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन, बारा फोटो आणि शेडकार्ड घेऊन, तो तावातावाने फोन दुरुस्तीच्या ऑफिसात गेला.

काउंटरमागच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फोटो पुढेमागे केले.

"दुसऱ्या कुणाचा फोटो आहे का यात?"

नव्हता. वर्षभरात त्याने दुसऱ्या कुणाचा फोटो काढलाच नव्हता. बाईंनी त्याला खिडकीजवळ उभं केलं आणि त्याचाच फोटो काढला. चेहरा जसा होता तसाच आला. मग दारावरच्या पहारेकऱ्याचा काढला, तोही बरोबर आला. तिसरा त्यांनी स्वतःचा काढला. तिन्ही फोटोंशेजारी नानांचा फोटो ठेवून त्यांनी फोन त्याच्याकडे वळवला.

"काका, कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. हे कोण आहेत?"

"माझे वडील."

"यांना डॉक्टरांकडे नेलंय का?"

पारखीने फोन उचलला. शेडकार्ड काउंटरवरच राहिलं. तो जिना उतरला, रस्त्यावर आला आणि पळत सुटला. रिक्षा थांबवायचं भान त्याला दोन चौक ओलांडल्यावर आलं. रिक्षात बसून तो एकच वाक्य पुटपुटत होता, "दहाव्या महिन्यात वाढला, दहाव्या महिन्यात वाढला." रिक्षावाल्याने वळून पाहिलं आणि वेग वाढवला.

कामाच्या दिवशी, भर दुपारी, तो कितीतरी वर्षांनी घरी आला होता. नाना खुर्चीत होते. पारखीने त्यांची हनुवटी धरली, चेहरा खिडकीकडे फिरवला आणि हातात काही न घेता पाहिलं. कपाळ, गाल, मान, डोळे. किती पिवळं, त्यात हिरव्याची किती झाक, डब्यात कशाचे किती थेंब पडले म्हणजे हा रंग येईल, सगळं त्याला आपोआप कळलं. आपल्याच डोळ्यांची त्याला किळस आली.

"काय रे, आज लवकर?" नाना म्हणाले.

त्याने त्यांच्या बाहीची बटणं काढली. मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे ओरखडे होते, काही जुने, काही ताजे.

"खाज सुटते फार," नाना ओशाळून म्हणाले. "रात्रीची जरा जास्त."

हॉस्पिटलात तीन दिवस तपासण्या चालल्या. बहीण मिळेल ती गाडी पकडून आली आणि भावाशी एक शब्द न बोलता वडिलांच्या उशाशी बसली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ आहे, तिने पित्ताची वाट अडवली आहे, असं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "पिवळेपणा कधीपासून आहे?"

'आठवडाभर' हा शब्द पारखीच्या जिभेवर आला होता. तो म्हणाला असता तर कुणी खोडून काढलं नसतं. बहीणही कदाचित गप्प राहिली असती. त्याने खिशातून फोन काढला, नववा फोटो उघडला आणि टेबलावर ठेवला. मग बोटाने सरकवत दहावा, अकरावा, बारावा.

डॉक्टरांनी चारही फोटो पुन्हा सरकवून पाहिले. "एकच खुर्ची, एकच उजेड," ते म्हणाले. "इतकं नीट टिपून ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. मग आणलं का नाहीत?"

"मला वाटलं, कॅमेरा बिघडलाय."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्ही आधी दाखवलात त्या फोटोच्या वेळी आला असतात, तर कदाचित गाठ कापून काढता आली असती. आता ती रक्तवाहिनीला चिकटली आहे. नळी घालून पित्ताला वाट करून देऊ, म्हणजे खाज थांबेल, थोडं जेवण जाईल. गाठीसाठी औषधं आहेत, पण ती त्यांच्या अंगाला किती सोसतील ते बघावं लागेल."

"म्हणजे किती दिवस?" बहिणीने विचारलं.

"ते आज नाही सांगता येणार."

बाहेर आल्यावर बहीण भिंतीला टेकून उभी राहिली. "मी म्हटलं होतं, दादा," ती म्हणाली. "तोंडाने म्हटलं होतं मी." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर पारखीला बरं वाटलं असतं. ती डोळे पुसून औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेली, आणि पारखीला एकट्यालाच खोलीत जावं लागलं.

नाना जागे होते. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. आता त्या उजेडात त्यांच्याकडे बघणं पारखीला जमत नव्हतं. तो पायथ्याशी बसला.

"डॉक्टर रागावले का तुला?" नानांनी विचारलं.

"नाही."

"माझंच चुकलं. खाज सुटायची, लघवीला रंग यायचा, कळत होतं मला. पण म्हटलं, पोरगा दर महिन्याला फोटो काढून तपासतोय. दुकानात जग त्याला रंग विचारायला येतं. काही वावगं असतं तर त्याला आधी दिसलं असतं." नाना दम घेऊन म्हणाले, "तू बघतोयस म्हणून मी बिनघोर होतो."

 मघाशी डॉक्टरांपुढे खरं बोलणं पारखीला अवघड वाटलं होतं. हे त्याहून अवघड होतं. 'हो, बघत होतो' म्हटलं असतं तर म्हातारा सुखाने झोपला असता. पण त्याला आता आणखी काही झाकायची ताकद उरली नव्हती.

"नाना, मी तुमच्याकडे बघत नव्हतो. मी फोन तपासत होतो. तुम्ही नुसते समोर होता."

 नानांचा हात सवयीने खाजवायला दुसऱ्या हातावर गेला आणि तिथेच थांबला. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. मग नानांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. तो लहानपणी बसमध्ये सोबत असायचा तेव्हा ते त्याच्याकडे असंच मान वळवून बघायचे, बसचा मोठा आरसा पुसता पुसता.

"मग?" त्यांनी विचारलं. "कसा निघाला फोन?"

"चांगला निघाला, नाना," पारखी म्हणाला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्याने रडायला लागला.