बोर्डाची खाच

बंद पडलेल्या गाड्या बोलत्या करणाऱ्या या गृहस्थाला सगळी गल्ली 'डॉक्टर' म्हणायची, आणि त्यालाही ते गोड लागायचं. खरं सांगायचं तर नाजूक शस्त्रक्रिया बायकोच करायची. गाडीच्या कॉम्प्युटरमधलं बारीक सोल्डरिंग तिच्या हातचं, गॅरेजच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, भिंगाखाली. डॉक्टरचे हात नटबोल्टांचे. पण शेवटी गिऱ्हाइकासमोर किल्ली फिरवून ऐटीत उभं राहायचं काम मात्र तो कुणाला देत नसे.

मेहुण्याची जुनी गाडी म्हणजे मेहुण्याचा जीव की प्राण. तिला जरा पळवायची म्हणून तो ट्यूनिंग बोर्ड घेऊन आला. इंजिनाला पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे ठरवणारी चिप काढायची, तिच्या जागी सॉकेट बसवायचं आणि सॉकेटात हा बोर्ड दाबायचा, म्हणजे लॅपटॉपवरून सगळं बदलता येतं. बायकोनं भावाची गाडी म्हणून जास्तच जपून काम केलं. जुनी चिप एकही पाय न वाकवता काढली, काळ्या स्पंजात खोचून ठेवली आणि सॉकेट असं बसवलं की बघत राहावं.

बोर्ड दाबायचा मान अर्थातच डॉक्टरचा. बोर्डाच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते, ती सॉकेटाच्या खाचेवर यायला हवी. एवढंच बघायचं. पण मेहुण्याचे दोन मित्र आले होते, आणि डॉक्टर त्यांना जुन्या इंजिनांवर व्याख्यान देत होता. बोलता बोलता त्यानं बोर्ड दाबला आणि किल्ली फिरवली. इंजिन गप्प. कॉम्प्युटरच्या डबीतून जळका वास आला.

त्यानं झाकण उघडलं. खाच उलट्या बाजूला होती. बोर्ड त्यानं हळूच उपटून खिशात टाकला, आणि तोंडातून निघून गेलं, "सोल्डर कुठेतरी चिकटलं असणार."

मेहुणा बहिणीकडे वळला. "ताई, जमत नव्हतं तर हात कशाला घातलास गं?"

ती पदराला हात पुसत राहिली. खरं बोलायची वेळ तीच होती, आणि डॉक्टर हत्यारं आवरत बसला.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अहो, जुनी चिप सॉकेटात घालून बघूया का? चालली तर निदान कॉम्प्युटर शाबूत आहे हे कळेल."

डॉक्टरला घाम फुटला. चालली, तर सोल्डरिंग चोख होतं हेही कळणार. मग वास कसला आला होता?

"नको. आणखी काहीतरी जळेल," तो म्हणाला.

त्यानंतर ती रोज भिंग घेऊन स्वतःचंच काम तपासायची. प्रत्येक टाका पुन्हा पुन्हा. दोष सापडेना. एक गिऱ्हाईक काम घेऊन आलं तर म्हणाली, "दुसरीकडे बघा, माझा हात आता राहिला नाही." डॉक्टरनं ऐकलं. जेवताना ताट तसंच राहिलं, इतकी लाज वाटत होती. पण तिच्याकडे बघून बोलायला जीभ रेटेना. लाजेनं माणूस सुधारतो म्हणतात. हा नुसताच बारीक होत होता.

एका दुपारी मागच्या खोलीतून तिची हाक आली. दोष शोधायला तिनं सॉकेटच उपटून काढलं होतं, आणि त्यासोबत वीज नेणारी तांब्याची केसाएवढी रेघ उखडली होती.

"बघा," ती रडत म्हणाली. "आता खरंच बिघडवलं मी. माझाच हात वाईट."

तेव्हा त्यानं खिशातला बोर्ड टेबलावर ठेवला. त्याच्यावर मधोमध काळा डाग होता. "तुझा नाही गं. मी उलटा बसवला होता. खाच बघितली नाही."

तिनं बोर्ड उचलून भिंगाखाली धरला. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "इतके दिवस?" एवढंच म्हणाली. मग डोळे पुसून तिनं बारीक तार घेतली, उखडलेली रेघ जोडली, नवं सॉकेट बसवलं आणि त्यात जुनी चिप घातली.

मेहुण्याला बोलावलं. किल्ली त्यानंच फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"वा ताई," तो हसून म्हणाला, "सापडली म्हणायची तुझी चूक!"

तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरचे कान तापले. गल्लीतले दोघेचौघे दाराशी उभे होते. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं, पण या वेळी तो बोलला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "चूक तिची नव्हतीच. बोर्ड मी उलटा घातला. आणि नाव तिचं सांगितलं."

मेहुण्यानं इंजिन बंद केलं. तो बहिणीजवळ गेला आणि म्हणाला, "ताई, मी तुला सगळ्यांसमोर बोललो गं."

पुढे नवा बोर्ड आला. डॉक्टरनं तो सॉकेटावर धरला, नीट पाहिला, पुन्हा पाहिला आणि दाबायच्या आधी आत हाक मारली, "अगं, खाच बरोबर आहे का, बघतेस?"

"तुम्हीच बघा," आतून आवाज आला. "नाहीतर उद्या 'तिनंच बघितली होती' म्हणाल."